माळवद उतरले, भिंत तीच राहिली

मराठवाड्यात घर फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. सहा खणांचे घर बेताचे, बारा खणांचे खाऊनपिऊन सुखी आणि त्यापुढे गेले की लोक त्याला वाडा म्हणू लागत. सोयरीक घेऊन आलेला पाहुणा ओसरीवर टेके, पाण्याचा तांब्या हातात घेई आणि घोट घेता घेता मान वर करून खण मोजून घेई. घरची ऐपत त्याला तेवढ्यात कळत असे.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत काय किंवा तिथून औसा-उमरग्याच्या बाजूला पसरलेल्या कोणत्याही थोरल्या गावात काय, आज या पाहुण्याची पंचाईत होईल. मान वर केली तर ढाळजेवर पत्रा, ओसरीवर सिमेंटचा स्लॅब, माजघरावर अजून जुने माळवद आणि चौकाच्या मधोमध विटांची एक सुटी खोली. खण मोजायचे कुठून आणि कुठवर?

हे लिहिताना जुन्याचे गोडवे गाण्याचा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. वाडा ही काही निष्पाप वास्तू नव्हती. तिच्या ढाळजेत गावचा न्याय होत असे आणि तो न्याय ऐकायला गावातल्या निम्म्या लोकांना पायरीखाली उभे राहावे लागे. तिच्या स्वयंपाकघरात उजेड यायचा तो छताच्या भोकातून, आणि त्या अंधारात बायकांच्या पिढ्या धुराने डोळे चोळत संपल्या. वाडे पडले म्हणून सगळ्यांनीच हळहळावे अशी अपेक्षा कोणी करू नये. प्रश्न वेगळाच आहे. हे वाडे पूर्ण पडलेले नाहीत. ते अर्धे उरले आहेत, त्यांच्या उरलेल्या अर्ध्यात माणसे झोपतात, आणि जे उरले ते अनेकदा नेमके चुकीचे अर्धे आहे.

असा एखादा वाडा डोळ्यांपुढे आणा. दगडी जोत्यावर उभा थोरला दरवाजा. त्याच्या फळ्या सागवानी, आतून आडवा अडसर, आणि एका फळीत वाकून जाण्यापुरती दिंडी. आत शिरताच दोन्ही हातांना ढाळज. पुढे उघडा चौक, चौकाच्या कडेने ओसरी, ओसरीमागे माजघर, त्याच्याही मागे स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली. धान्य भिंतीआडच्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. वर मातीचे सपाट माळवद. त्यात उजेड यावा आणि धूर जावा म्हणून ठेवलेले साणे आणि पाऊस आला की त्या साण्यांवर पालथी घातलेली जुनी घमेली.

पुढचा सगळा युक्तिवाद या घराच्या बांधणीवर उभा आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. घराला दोन स्वतंत्र अंगे होती. एक दगडाचे, दुसरे लाकडाचे. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, दोन-तीन फूट जाडीच्या. मोठ्या वाड्यांत त्याहूनही रुंद. पण ही जाडी एकसंध नसे. बाहेरच्या बाजूने दगडांची एक रांग, आतल्या बाजूने दुसरी, आणि मधल्या पोकळीत चिपा, गोटे, माती. लाकडाचे अंग याहून निराळे. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच, त्यावर तरवडाचा किंवा तसल्याच झाडाझुडपांचा थर आणि मग माती. खांब केवळ घराच्या मध्यात नसत. भिंतीलगतही, कधी भिंतीत अर्धे दडवून, ते उभे केलेले असत. म्हणजे माळवदाचे ओझे खांबांवर. भिंत होती ती आडोशाला, उन्हाला आणि चोराला. भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहावे, अशी ही योजना होती. कोणी ती कागदावर मांडली नव्हती. सुताराला आणि गवंड्याला ती हाताने ठाऊक होती.

आता कोणी म्हणेल, मग हेच घर जसेच्या तसे का राहिले नाही? उत्तर असे, की ते जसेच्या तसे कधीच नव्हते. माळवदाचे घर हे दर वर्षी थोडे नव्याने बांधायचे घर असते. मृग लागायच्या आत माळवदावर माती पडली पाहिजे, पन्हळी साफ झाल्या पाहिजेत, उंदरांनी पाडलेली बिळे बुजली पाहिजेत. एवढे करूनही आषाढात कुठेतरी गळू लागतेच. मग रात्री कंदील आणि पाटीभर माती घेऊन कोणीतरी वर चढते, आणि खाली झोपलेल्यांच्या अंगावर दोन-चार ढेकळे सांडतात. हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पुढची गोष्ट लगेच कळेल. माती दर वर्षी वर जाते. खाली सहसा कोणी उतरवत नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी फूट-दोन फूट झालेला असतो. हिशेब करून पाहावा. पाच फूट बाय नऊ फुटांचा एक खण धरला आणि त्यावर एक फूट माती धरली, तर वजन दोन टनांच्या घरात जाते. दोन फूट माती असेल तर चार टन. बारा खणांच्या घरावर किती, याचा गुणाकार वाचकांनीच करावा.

ही माती यायची कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे शिवाराला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात. पांढर म्हणजे गावठाण. शतकानुशतके घरे पडून, पुन्हा त्याच जागी उभी राहून साचलेली ती राखट, चिकट माती पाणी चटकन आत घेत नाही, म्हणून माळवदाला तिच्यासारखी दुसरी नाही. आणि ती भरपूर मिळण्याची जागा म्हणजे गावची गढी. देशमुखी-पाटीलकीचा दरारा गेला तशी गढी ओस पडली, आणि गावाने तिचे बुरूज पाटी पाटीने खणून आपापल्या माळवदावर नेले. सत्तेची मातीच गावाने वाटून घेतली, असे एखाद्या कवीला सुचेल. आपण एवढेच नोंदवू, की गढी खाली येत गेली आणि माळवदे जड होत गेली.

ती सत्ता टप्प्याटप्प्याने गेली. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांनी १८६०च्या दशकात जिल्हाबंदी आणली आणि वसुलीचे काम देशमुख-देशपांड्यांकडून सरकारी नोकरांकडे गेले. जुन्या वतनदारांच्या हाती रुसुमाची रक्कम राहिली. वाड्याची शान राहिली, पण ती शान पोसणारी जबाबदारी आणि कमाई आटली. पुढे १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आले, १९४९मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, १९५०मध्ये कूळकायदा आला, त्यानंतर इनामे गेली, आणि १९६१मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा. यातला प्रत्येक बदल न्याय्य होता, काही तर फार उशिरा झाले. परंतु वाड्याच्या बाजूने पाहिले तर त्याचा अर्थ एवढाच, की शंभर-दीडशे एकरांवर तोलून धरलेले घर आता वीस-पंचवीस एकरांवर तोलायचे होते. वर्षाच्या मातीला, पाच-दहा वर्षांनी बदलायच्या किलचांना आणि वाळवी लागलेल्या खांबाला पैसे आणायचे कुठून?

इथे ज्या बदलाकडे आपले लक्ष गेलेच नाही तो झाला. लाकूड महागले. सागवान तर आधीपासूनच बड्यांचे. पण बाभूळ आणि लिंबही शिवारातून कमी होत गेले. मग नवे घर बांधताना किंवा जुन्याला दोन खण जोडताना लोकांनी काटकसर केली ती खांबांत. तुळईचे टोक खांबावर टेकवण्याऐवजी सरळ भिंतीवर टेकवले. खर्च वाचला, खोलीत जागाही मोकळी झाली. बाहेरून घर तसेच दिसत होते: तीच दगडी भिंत, तेच माळवद. आतले लाकडी अंग तेवढे काढून घेतले होते. जी भिंत केवळ आडोसा म्हणून, पोकळ मनाने उभी केली जात होती, तिच्या डोक्यावर आता सगळे माळवद आले.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. लोक उशिरा येऊन गाढ झोपलेले. भूकंपाची तीव्रता ६.२. जगात दर वर्षी शंभरावर भूकंप याच्या आसपासचे किंवा याहून मोठे होतात, आणि त्यातले बहुतेक चार ओळींच्या बातमीत संपतात. किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. ती भूकंपाने गेली असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती दगडांखाली आणि मातीखाली गेली. भिंतींच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या, एक आत पडली, एक बाहेर, आणि वरचे टनावारी माळवद सरळ खाली आले. मातीने नाकतोंड बंद होऊन गेलेले किती, याची वेगळी नोंद कोणी ठेवली नाही.

पण पाहणीला गेलेल्या अभियंत्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. जिथे घराला आत लाकडी खांब-तुळयांचा पुरा सांगाडा होता, तिथे अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी छप्पर सांगाड्यावर तरंगत राहिले आणि खालची माणसे वाचली. सगळीकडे असे झाले नाही. खांब कुजलेले असतील, माती अफाट असेल, तर सांगाडाही बसला. तरीही फरक होता. जुने घर आणि जुन्यासारखे दिसणारे घर यांतला तो फरक होता.

त्या दिवसांत हा फरक कोणाच्या कानावर पडण्यासारखा नव्हता. दगड-मातीने मारले, एवढेच मनात बसले, आणि ज्यांनी आपली माणसे त्या मातीतून उपसून काढली त्यांनी दुसरे काय म्हणावे? ५२ गावे नव्या जागी वसवायचे ठरले. जागतिक बँकेच्या साहाय्याने भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. नव्या गावांत रुंद सरळ रस्ते आखले गेले, शहरातल्या वसाहतीसारख्या रांगा आल्या. गल्ली गेली, ढाळज गेली, चौक गेला. या वसाहतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे त्यात शिरत नाही.

त्याहून मोठी, पण कमी बोलली गेलेली गोष्ट आहे बेंबळीसारख्या गावांची, जी जागेवरच राहिली. दोन लाखांच्या आसपास घरांना जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी अर्थसाहाय्य द्यायचे, असा त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग होता. त्यासाठी सांगितलेल्या गोष्टी आज वाचल्या तर शहाणपणाच्या वाटतात. माळवदावरची जादा माती उतरवा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला म्हणजे थोड्या मातीत गळती थांबेल. खांब आणि तुळईच्या कोनात तिरका आधार ठोका. भिंतीच्या दोन्ही रांगा बांधून ठेवायला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा. शक्य तिथे भिंतीच्या माथ्यावर पट्टा फिरवा. यात परदेशी किंवा फार खर्चाचे काहीच नव्हते. जुन्या गवंड्याने दोन्ही रांगांना भेदून जाणारा लांब दगड जो मध्ये मध्ये बसवायला हवा होता आणि घाईत बसवला नाही, त्याचीच ही भरपाई होती. भारतीय मानक संस्थेने १९९३मध्येच मातीच्या घरांसाठी, कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी आणि दुरुस्तीसाठी तीन स्वतंत्र मानके काढली. दगडी भिंत दीड फुटापेक्षा जाड नको, दर दोन फूट उंचीवर आणि आडवे फार तर चार फुटांवर एक आरपार दगड हवा, इतक्या साध्या भाषेत सांगण्यासारखे नियम त्यांत आहेत.

झाले काय? बहुतेकांनी ते पैसे जुन्या घराला लावलेच नाहीत. त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली, आणि वाड्यात मोकळी जागा कुठे असते तर चौकात, म्हणून ती चौकात बांधली. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या छताने शेजारच्या तालुक्यात गावेच्या गावे गाडली, त्याच छताखाली दोन सळया घालून पुन्हा झोपा, असे सांगणाऱ्या इंजिनिअरवर विश्वास ठेवायला धैर्य लागते. डोळ्यांना दिसणारी वीट बरी. शिवाय सरकार पैसे देतेच आहे तर निदान एक खोली पदरात पडू दे, हा हिशेबही होता. पण परिणाम असा झाला, की वाड्याची फुप्फुसे असलेला चौक बुजला, हवा-उजेडाची वाट बंद झाली, आणि माजघर होते तसेच धोक्याचे राहिले. रात्री कुटुंबातले काही जण नव्या खोलीत, बाकीचे जुन्यातच. खोली दहा बाय बाराची आणि माणसे नऊ-दहा, तर दुसरे काय होणार?

त्यानंतरच्या तीस वर्षांत उरलेला वाडा खणाखणाने बदलत गेला. कुठे माळवद उतरवून पत्रे आले. ते हलके असल्याने डोक्यावरची भीती गेली, मात्र एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्यात त्याखाली दुपारी बसवत नाही. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवतात ते निराळेच. कुठे दोन पैसे आल्यावर स्लॅब आला. आणि इथे मला खरी काळजी वाटते. नवे खांब नव्या पायापासून उभे करून त्यावर स्लॅब टाकला तर प्रश्न नाही. पण त्याला खर्च येतो. म्हणून जुन्या दगडमातीच्या भिंतीवरच, वरचे दोन थर सिमेंटमध्ये बसवून, स्लॅब ओतलेला दिसतो. मधले लाकडी खांब अडगळ म्हणून काढलेले. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट, त्यामुळे घर पक्के दिसते. आत भिंत तीच, दोन सुट्या रांगांची. खांब काढून तुळई भिंतीवर टेकवण्याची जी चूक एका पिढीने लाकडाच्या टंचाईमुळे केली, तीच चूक आपण सिमेंटच्या भरवशावर पुन्हा करतो आहोत. १९९३ साली भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात होता. २००२च्या सुधारणेत तो तिसऱ्यात गेला. नकाशा बदलला, गवंड्याला ते कोणी सांगितले?

काढलेल्या खांबांचे काय होते, तेही सांगायला हवे. कोरीव असतील तर व्यापारी येऊन घेऊन जातो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत, फार्महाऊसच्या पडव्यांत असे खांब आणि दिंडीदरवाजे पाहायला मिळतात. तिथे ते काहीच तोलत नाहीत. वर काँक्रीट असते आणि खांब नुसता शोभेला. साधे असतील तर चुलीत.

आपण शिकलो नाही म्हणून कोणीच शिकले नाही असे मात्र नाही. १७ ऑगस्ट १९९९ला तुर्कस्तानात इझमितजवळ भूकंप झाला तेव्हा नव्या काँक्रीटच्या इमारती ढिगाने कोसळल्या आणि त्याच गावांतली लाकडी चौकटीची जुनी घरे पुष्कळशी उभी राहिली. ८ ऑक्टोबर २००५च्या भूकंपानंतर काश्मीरच्या पलीकडच्या भागात पाकिस्तान सरकारनेही आधी सिमेंटचाच आग्रह धरला होता. पण लाकडी चौकटीत दगड-माती भरलेली धज्जी-देवारी पद्धतीची घरे तगल्याचे दिसल्यावर तिला अधिकृत मान्यता दिली, आणि हजारो कुटुंबांनी सरकारी मदत घेऊन तसली घरे बांधली. त्या मान्यतेत महत्त्वाची गोष्ट जुन्याचा गौरव ही नव्हती. स्थानिक सुताराच्या हातातले ज्ञान सरकारी नियमात बसवले, ही होती. खणांच्या घराला असा नियम आपल्याकडे कधी मिळाला नाही.

आपल्या कागदात त्याला जागाच नाही. जनगणनेच्या तक्त्यात छपराच्या प्रकारांत गवत, पाचट, बांबू, लाकूड आणि माती हे सगळे एकाच रकान्यात घातले आहे. म्हणजे सागवानी तुळयांचे सोळखणी माळवद आणि उसाच्या पाचटाची खोप सरकारच्या लेखी एक. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाटीच्या प्रदेशात घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि घर किमान २५ चौरस मीटरचे. कच्च्यातून पक्क्यात जायचे, एवढीच दिशा तिला ठाऊक. आहे ते माळवद हलके करून, खांब बदलून, भिंत बांधून घेऊन राहण्याजोगे करायचे असेल तर या योजनेत त्याला वाट नाही. घरकुल मंजूर झालेल्या भावाला आपल्या वाट्याचे तीन खण पाडावे लागतात. त्याचे तीन खण पडले की शेजारच्या भावाच्या तुळया एका बाजूने उघड्या पडतात.

आणि वाटे तर पडतच राहणार. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात राहत्या घराविषयी एक कलम होते, २३वे. घरातले पुरुष वारस वाटणी मागत नाहीत तोवर मुलीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ते २३वे कलमही काढून टाकले. अत्यंत योग्य झाले. पण बारा खणांत आता चार भाऊ, तीन बहिणी आणि त्यांची मुले यांचे हिस्से आहेत, त्यातले निम्मे पुण्यात नाहीतर लातुरात, आणि वाळवी लागलेला एक खांब बदलायलाही कोणाची संमती घ्यायची हे ठरत नाही. इंग्लंडात असाच पेच मोठमोठ्या ग्रामीण प्रासादांवर आला होता. वारसाकराने मालक खचले, विसाव्या शतकात शेकडो घरे पाडली गेली. १९७४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या नाशावरच एक प्रदर्शन भरले. त्यांनी १९३७मध्येच तोड काढली होती: घर न्यासाला द्यायचे आणि कुटुंबाने त्यातच राहायचे. आपल्या वाड्यांना ते लागू नाही. तिथे घर एकाचे होते, इथे सतराजणांचे. तिथे घराला पाहुणे तिकीट काढून येतात. बेंबळीला कोण येणार? आपल्याकडे पुरातत्त्व खात्याला नळदुर्ग-परंड्याचे किल्ले दिसतात, ते दिसणे रास्तच आहे. मुंबईला १९९५पासून वारसा वास्तूंचे नियम आहेत. गावठाणातल्या राहत्या घरासाठी संरक्षित स्मारक आणि मोडकळीस आलेली इमारत, या दोहोंच्या मध्ये काहीच नाही.

आता गावठाणांवर ड्रोन फिरले आहेत. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत २०१९मध्ये पहिला प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२०ला स्वामित्व योजना सुरू झाली. सोनोरी हे पानशांच्या गढीचे गाव, हा योगायोग गमतीचा आहे. ज्या घरांना आजवर ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यापलीकडे कागद नव्हता त्यांना मालमत्तापत्रक मिळते, त्यावर कर्ज मिळू शकते. गरीब घरासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण वरून पाहणाऱ्या ड्रोनला छपरे दिसतात, खांब दिसत नाहीत. पत्रा, स्लॅब, माळवद यांच्या कडा धरून रेषा ओढल्या जातात, आणि एका सांगाड्याचे चार तुकडे चार पत्रकांवर जातात. मधली भिंत अर्धी याच्याकडे, अर्धी त्याच्याकडे. खरे म्हणजे हीच संधी होती. घरोघर माणसे जाऊन चुन्याच्या रेषा आखतच होती. त्याच फेरीत भिंत कशाची, छप्पर कशावर टेकले आहे, आत खांब आहेत की काढले, एवढे तीन रकाने भरून घेतले असते, तर या जिल्ह्यात माणसे नेमकी कोणत्या छपराखाली झोपतात हे आज ठाऊक असते.

अजूनही करता येण्यासारखे आहे. आवास योजनेतल्या रकमेचा काही भाग मजबुतीकरणासाठी घेण्याची मुभा द्यावी. दगडी भिंतीवर स्लॅब टाकायला घेतला तर खाली स्वतंत्र खांब आहेत की नाहीत, एवढे तरी ग्रामपंचायतीने पाहावे. तालुक्याच्या आयटीआयत गवंडीकाम शिकवतात, तिथे आरपार दगड कसा बसवायचा याचा एक तास असावा. तो शिकवू शकणारे वडार, पाथरवट आणि खणांची घरे उभी केलेले सुतार आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

परवाच्या मेअखेरीस त्या भागात होतो तेव्हा एका वाड्यात मृगाची तयारी चालली होती. तीन भावांपैकी दोघांच्या वाट्यावर पत्रे आले होते. तिसऱ्याच्या माळवदावर त्याची म्हातारी आई उभी राहून खालून मातीच्या पाट्या घेत होती. माती कुठली, विचारले. गढी केव्हाच संपली, ती म्हणाली; ही शेजारच्यांचे माळवद उतरवले त्याची.